ट्रेसिंग बदललं, प्रिंट जुनीच: ओपनस्ट्रीटमॅपवर टाकलेलं दिसत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या आणि कुणालाही सुधारता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर, तुम्ही तीन गोष्टी केल्यात. बडोद्यातल्या दांडिया बाजारामागच्या तुमच्या पोळीचं (राहायची पोळ, म्हणजे जुन्या शहरातली गल्लीवजा वस्ती; खायची पोळी नव्हे) नाव टाकलंत, तिच्या तोंडाशी असलेलं मराठी वाचनालय टाकलंत आणि भावाच्या सोसायटीजवळच्या तळ्याचा वाकडा काठ नीट केलात. दोन दिवस झाले. पोळीचं नाव उमटलेलंच नाही. वाचनालय कधी दिसतं, कधी गायब. तळं लांबून निळं, जवळून कोरं. घाबरून तुम्ही तळं पुन्हा आखलंत, तर आता एडिटरमध्ये एकावर एक दोन तळी. मुलीच्या मोबाइलमधल्या नकाशात यातलं काहीच नाही, आणि नदीचं नाव तोडून-मोडून दिसतं. ‘माझं नेमकं काय चुकलं?’ असं तुम्ही विचारलंत.

चुकलंय फक्त तळ्याचं. बाकीच्या तक्रारी वेगवेगळ्या जागच्या आहेत आणि त्यांतल्या दोन तर तक्रारीच नाहीत. पण ‘नकाशावर दिसत नाही’ या एका वाक्यात आपण सगळ्या कोंबतो, म्हणून एकच औषध सगळ्यांना लावत बसतो. ते औषध बहुतेक वेळा ‘पुन्हा टाकून बघू’ हेच असतं.

माझा धंदा नकाशाचाच. बडोद्यात एका ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर म्हणून लागले तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने रेषा ओढायच्या, चुकलं तर ब्लेडने हलकेच खरवडायचं, आणि मग त्या ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट काढायची. त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. मूळ ट्रेसिंग एकच, कपाटात. प्रिंटा मात्र दहा ठिकाणी: साहेबांच्या टेबलावर, भिंतीवर, साइटवरच्या मुकादमाच्या खिशात घडी करून. मी दुपारी ट्रेसिंग सुधारलं तरी मुकादमाच्या खिशातली प्रिंट सकाळचीच. एकदा असंच जुन्या प्रिंटवरून गड्यांनी भिंत दीड मीटर अलीकडे उचलली आणि बोलणी मला बसली. ट्रेसिंग मी त्याच दिवशी दुरुस्त केलं होतं, पण ते बघायला कोण येतो?

ओपनस्ट्रीटमॅपचं असंच आहे. 2004 साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडात हा प्रकल्प सुरू केला तेव्हापासून त्याचा गाभा आहे तो डेटा: नोड म्हणजे बिंदू, वे म्हणजे बिंदू जोडून झालेली रेषा, रिलेशन म्हणजे अशा गोष्टींची मोट, आणि प्रत्येकीला चिकटवलेले टॅग, म्हणजे ती गोष्ट काय आहे ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या. हे ट्रेसिंग. ब्राउझरमध्ये आपण जो रंगीत नकाशा बघतो ती त्यावरून काढलेली एक प्रिंट, आणि मोबाइलमधला ऑफलाइन नकाशा म्हणजे मुकादमाच्या खिशातली घडी. म्हणून कुणी ‘दिसत नाही’ म्हटलं की मी पहिल्यांदा ट्रेसिंग बघते.

ते बघायचं कसं? आपल्या खात्यात जाऊन आपल्या बदलांची यादी उघडा. दोन दिवसांपूर्वीचा चेंजसेट, म्हणजे एका वेळी चढवलेल्या बदलांचा गठ्ठा, तिथे आहे का? नसेल तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही, तुमचा बदल चढलेलाच नाही. हे वाटतं त्याहून जास्त वेळा होतं. ब्राउझरमधला ‘आयडी’ नावाचा एडिटर न चढवलेलं काम त्याच ब्राउझरमध्ये राखून ठेवतो आणि पुढच्या वेळी ‘परत आणू का?’ असं विचारतो. घाईत ‘नको’ दाबलं की तासाभराचं काम गेलं. माझं दोनदा गेलंय.

तुमच्या बाबतीत चेंजसेट आहे, कारण एडिटर पुन्हा उघडल्यावर तुम्हाला दोन तळी दिसली. तरी आणखी एक तपासणी करा. नकाशाच्या उजव्या कडेला प्रश्नचिन्ह असलेला बाण असतो. तो घेऊन वाचनालयाच्या जागी टिचकी मारा. त्या जागेच्या आसपास डेटामध्ये जे जे आहे त्याची यादी येते, चित्रात उमटलेलं असो वा नसो. यादीत वाचनालय आलं की ट्रेसिंगवर ते आहे, प्रश्न मिटला. दुसरा सोपा मार्ग म्हणजे शोधाच्या खान्यात नाव टाकून बघणं. शोधयंत्रणा चित्रावर अवलंबून नसते आणि सहसा काही मिनिटांत नवा बदल उचलते. शोधात सापडतं पण चित्रात दिसत नाही, अशी अवस्था असेल तर हात आखडता घ्या. पुन्हा टाकाल तर दोन होतील.

आता प्रिंटकडे. वेबसाइटवरचा मुख्य नकाशा 256 बाय 256 पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांचा, म्हणजे टाइल्सचा, बनलेला असतो. झूम 0 ला सगळी पृथ्वी एका टाइलमध्ये मावते आणि प्रत्येक पायरीला टाइल्स चौपट होतात. झूम 19 ला त्या 27 हजार कोटींच्या वर जातात आणि बडोद्यात एका टाइलमध्ये जेमतेम 70 मीटर जमीन येते. एवढ्या टाइल्स कुणी आगाऊ काढून ठेवत नाही. कुणी बघायला गेलं की टाइल काढली जाते, साठवली जाते, आणि तिथला डेटा बदलला की तिच्यावर ‘शिळी’ असा शिक्का बसून ती रांगेत लागते. जवळच्या झूमच्या टाइल्स बहुधा काही मिनिटांत नव्या होतात. लांबच्या झूमच्या, जिथे एका टाइलमध्ये अख्खा जिल्हा येतो, त्या पुष्कळ उशिरा. तिथे दिवस लागतील की आठवडे, हे त्या वेळी रांग किती आहे यावर आहे, त्यामुळे अमुक तासांत दिसेल असं मी कुणालाही सांगत नाही.

तुमचं तळं लांबून निळं आणि जवळून कोरं दिसतं, त्याचं उत्तर यातच आहे. लांबची प्रिंट जुनी, तळं शाबूत असतानाची. जवळची प्रिंट नवी, तळं बिघडल्यानंतरची. म्हणजे इथे निळ्यावर विश्वास ठेवू नका, कोरं खरं. काही दिवसांनी लांबूनही कोरं होईल, तेव्हा नव्याने घाबरू नका.

मधे तुमचा स्वतःचा ब्राउझरही प्रिंटा साठवून ठेवतो. कंट्रोल धरून एफ-फाइव्ह दाबा, किंवा खाजगी खिडकीत नकाशा उघडा. तिथे नवं दिसलं तर शिळेपणा तुमच्याच घरचा होता. त्यानेही काम झालं नाही तर टाइलच्या चित्राचा पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडायचा आणि पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘स्टेटस’ लिहायचं. टाइल शेवटची कधी काढली ते कळतं. ‘डर्टी’ लिहिलं तर ती पुन्हा काढायच्या रांगेत जाते. पण ही युक्ती जपून वापरा. हा सर्व्हर देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. एका टाइलसाठी ठीक आहे, अख्ख्या वॉर्डासाठी नाही.

पोळीच्या नावाकडे येते, कारण जुन्या बडोद्यात हा प्रश्न हमखास येतो. मांडवीच्या चारी बाजूंना, लहरीपुरा दरवाजापासून पाणीगेटपर्यंत आणि चांपानेर दरवाजापासून गेंडीगेटपर्यंत, पोळी अशा दाटीने आहेत की ओट्यावरून ओट्यावर पाय टाकावा. तुमची पोळ समजा 40 मीटरची आहे. झूम 17 ला आपल्या अक्षांशावर एक पिक्सेल म्हणजे साधारण 1.1 मीटर. म्हणजे तुमची अख्खी पोळ 36 पिक्सेलांची. झूम 18 ला 72. नाव जर दहा-बारा अक्षरांचं असेल तर त्याला नव्वद-शंभर पिक्सेल लांबी हवी. रेषेवर नाव मावत नसेल तर चित्र काढणारी यंत्रणा ते नाव सोडून देते. अक्षरं बारीक करत नाही, शेजारच्या घरावर सांडू देत नाही, सरळ गाळते. झूम 19 ला पोळ 145 पिक्सेलांची होईल, तेव्हा नाव उमटेल, तेही पोळ बरीच सरळ असेल तर. आपल्या पोळी सरळ कधी होत्या? काटकोनात वळली की नाव पुन्हा गळतं.

म्हणून एकदा शेवटच्या पायरीपर्यंत झूम करून बघा. माझा अंदाज, नाव तिथे आहे.

इथे लोक एक युक्ती करतात ती सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही करणार नाही. पोळ लांब दाखवायची म्हणून रेषा समोरच्या रस्त्यापलीकडे ओढतात. किंवा पोळीला उगाच मोठ्या रस्त्याचा दर्जा देतात, कारण मोठ्या रस्त्याची नावं लवकर दिसतात. मग एखादं वाट दाखवणारं अ‍ॅप टेम्पोला त्या पोळीतून पाठवतं. तिथे स्कूटरसुद्धा आरसा मिटून न्यावी लागते.

एक गोष्ट मात्र करता येईल आणि ती खोटी नाही. पोळ हा जसा रस्ता तशी ती वस्तीही. ‘आम्ही अमक्या पोळीतले’ असं म्हणताना आपण रस्ता सांगत नसतो, मोहल्ला सांगत असतो. पोळीला पोटगल्ल्या असतील आणि त्या सगळ्यांना मिळून तेच नाव असेल, तर मधोमध वस्तीचा एक बिंदू ठेवून त्यालाही नाव देणं मला योग्य वाटतं. एकच सरळसोट बोळ असेल तर नको, रेषेवरचं नाव पुरे. यावर नकाशा करणाऱ्यांत दोन मतं आहेत. मी पोळीत चालून बघून ठरवते.

वाचनालय. इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली झूमची: दुकानं, बाकडी, पाणपोया, वाचनालयं अशा खुणा अगदी जवळ गेल्यावरच काढल्या जातात, नाहीतर मंगळबाजार म्हणजे नुसतं मुंग्यांचं वारूळ दिसेल. दुसरी गर्दीची: दोन खुणा किंवा दोन नावं एकमेकांवर येत असतील तर यंत्रणा एकच काढते, दुसरी गाळते. तुमच्या वाचनालयाच्या अंगाला बहुधा एखादं देऊळ किंवा बँक आहे. एका झूमला ती जिंकते, पुढच्या झूमला दोघींना जागा मिळते. ‘कधी दिसतं, कधी गायब’ याचा अर्थ एवढाच.

तुम्ही बिंदू कुठे ठेवलाय ते मात्र तपासा. बरेच जण घाईत तो रस्त्यावरच ठेवतात. वाचनालय पहिल्या मजल्यावर, मागच्या अंगाला असेल तर बिंदू इमारतीच्या आत, खऱ्या जागी न्या आणि मजला टॅगमध्ये लिहा. खऱ्या जागी नेल्याने गर्दी सुटली तर उत्तमच. गर्दी सुटावी म्हणून तो पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर नेणं, हे मुद्दाम जुनी प्रिंट खपवण्यासारखं झालं.

टॅग हाताने टाकले असतील तर स्पेलिंग बघा. पहिलं अक्षर मोठं लिहिलं, शब्दाच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली, की यंत्रणेच्या लेखी ती वेगळीच वस्तू, आणि ती तिला काढता येत नाही. आयडीच्या तयार यादीतून ‘लायब्ररी’ निवडलं असेल तर ही चूक होत नाही. म्हणून जुनी माणसं काहीही म्हणोत, मी नवशिक्यांना यादीच वापरायला सांगते. (जाता जाता: 1910 साली सयाजीरावांनी विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभी केली, आणि त्याच शहरातलं एक वाचनालय नकाशावर टाकायला 2 दिवस भांडावं लागतं, याचं मला हसू येतं.)

आता तळं. इथे खरोखर मोडलंय.

तळं नकाशात दोन प्रकारे असतं. साधं तळं म्हणजे एक बंद रेषा, जिथे सुरू झाली तिथेच संपणारी, आणि तिच्यावर पाण्याचा टॅग. आपल्या शहरातल्या सुरसागरसारखं तळं मात्र एका रेषेत बसत नाही. मधोमध सर्वेश्वर महादेवांची 111 फुटी मूर्ती ज्या ओट्यावर उभी आहे तिथे पाणी नाही. मग बाहेरचा काठ एक, आतल्या ओट्याचा काठ दुसरा, आणि दोघांना बांधणारं मल्टिपॉलिगॉन नावाचं रिलेशन, ज्यात एकीची भूमिका बाहेरची, दुसरीची आतली. तुमच्या तळ्यात बेट नसेलही, पण तुम्ही काठ नीट करण्यासाठी रेषा दोन ठिकाणी कापल्या, असं लिहिलंय. आयडीमध्ये बंद आकार कापला की तो आपोआप असं रिलेशन बनवतो. इथवर काही बिघडत नाही. मग एक तुकडा ओढताना त्याच्या टोकाचा जोड सुटला असणार.

यातली फसगत समजून घ्या. पडद्यावर दोन टोकं अगदी टेकलेली दिसतात, पण टेकणं वेगळं आणि जुळणं वेगळं. जुळणं म्हणजे तोच एक नोड दोन्ही रेषांत असणं. दोन वेगळे नोड एकमेकांवर बसले असतील तर यंत्रणेच्या दृष्टीने कडं उघडं आहे. उघड्या कड्यात रंग भरता येत नाही, म्हणून ती पाणी काढतच नाही. बादलीला भोक आहे, एवढंच समजा. काठ स्वतःलाच छेदून जात असेल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, तरी तेच होतं.

दुरुस्ती अशी. आयडीमध्ये जुनं तळं निवडा. डावीकडे इशारे येतात, त्यांत बंद नसलेल्या आकाराचा उल्लेख आहे का बघा. मग दोन्ही तुकड्यांची टोकं पूर्ण झूम करून तपासा. जिथे संशय येईल तिथला एक नोड धरून थोडा बाजूला ओढा. दुसरी रेषाही सोबत आली तर जुळलेलं आहे, आली नाही तर भोक सापडलं. तो नोड दुसऱ्यावर नेऊन सोडा, किंवा दोन्ही निवडून एक करा. हे सगळं जोसम या संगणकावर वेगळ्या बसवायच्या एडिटरमध्ये त्याच्या तपासनीसाने आधीच लाल अक्षरांत सांगितलं असतं, पण पहिल्या आठवड्यात जोसम शिकायला मी कुणाला सांगत नाही. माणूस पळून जातो.

जुनं दुरुस्त झाल्यावर मगच नवं पुसा. उलट करू नका. जुन्या तळ्याला इतिहास आहे. कुणी आखलं, नाव कुणी घातलं, गुजराती नाव कधी आलं, विकिडेटा या विकिपीडियाच्या भावंड माहितीसाठ्याशी जोडलं का, हे सगळं त्या क्रमांकाला चिकटलेलं असतं. तुमचं नवं तळं पडद्यावर देखणं असेल, पण ते कालचं पोर आहे. चेंजसेटच्या टिप्पणीत सरळ लिहा की काठ दुरुस्त करताना कडं उघडलं होतं, ते जोडलं, दुबार काढलेलं पुसलं. कुणी हसत नाही. सुरसागरच्या बाजूला काम करताना माझ्या हातून महादेव पाण्यात गेले होते. आतल्या काठाची भूमिका कोरी राहिली, एवढंच कारण.

पाण्यावरून एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडे पावसाळी नाल्याला कांस म्हणतात, तुम्हाला ठाऊकच आहे. एका उत्साही मुलाने अशी एक कांस नदी म्हणून टाकली होती. का, तर नाला झूम आउट केल्यावर दिसत नाही आणि नदी दिसते. चित्र खरंच छान झालं. मग 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, आणि आमच्या ओळखीची चार माणसं पाणी कुठून कुठे जातं ते समजून घ्यायला हाच डेटा काढून बसली. त्यांना शहरात दोन नद्या मिळाल्या. रंग बघून टॅग ठरवला की हे असं होतं. चित्रात काय दाखवायचं ते ठरवणारे लोक वेगळे आहेत आणि त्यांचा निर्णय उद्या बदलू शकतो. आपण ट्रेसिंगवाले.

अक्षरांचं प्रकरण. ‘विश्वामित्री’ तोडून-मोडून दिसतं, असं तुम्ही म्हणता. इथे एक साधी परीक्षा आहे: अक्षरं कुठे मोडतात? वेबसाइटवरच्या मुख्य नकाशातली नावं हे चित्र असतं. ती सर्व्हरवरच नोटो फॉन्ट वापरून काढली जातात, तुमच्या मोबाइलमध्ये मराठी फॉन्ट असो वा नसो. तिथे नाव नीट आणि अ‍ॅपमध्ये चौकोन चौकोन, म्हणजे त्या उपकरणात फॉन्ट नाही. तिथे नाव नीट आणि अ‍ॅपमध्ये वेलांटी अक्षराच्या पुढे पडलेली, ‘श्’ आणि ‘व’ पाय मोडून सुटे, म्हणजे अ‍ॅपला देवनागरी जुळवता येत नाही. व्हेक्टर पद्धतीच्या, म्हणजे तयार चित्राऐवजी डेटा आणून मोबाइलमध्येच रेखाटल्या जाणाऱ्या, बऱ्याच नकाशांत हा जुना आजार आहे: ते अक्षरं एकेक करून ठेवतात, जोडाक्षर आणि वेलांटीचा हिशेब करत नाहीत. दोन्हीकडे नाव म्हणून नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसत असेल, तर ते कुणीतरी छापखान्याच्या जुन्या फॉन्टमधून उचलून डकवलंय. लग्नपत्रिका ज्या फॉन्टमध्ये जुळवतात तो युनिकोड असेलच असं नाही. फक्त या तिसऱ्या प्रकारात डेटा चुकलेला असतो आणि नाव पुन्हा टंकावं लागतं.

पहिल्या दोन्हींत डेटाला हात लावायचा नाही. मी एक महाभाग पाहिलाय, त्याने अ‍ॅपमध्ये नीट दिसावं म्हणून वेलांटी आधी आणि ‘व’ नंतर असं टंकलं. त्याच्या मोबाइलमध्ये नदी सुरेख दिसली. शोधात मात्र ती कुणालाच सापडेना, कारण तसा शब्दच कुणी टंकत नाही.

याला लागूनच भाषेचा प्रश्न आहे, तुम्ही तो विचारला नाहीत तरी. मुख्य नकाशा फक्त ‘नेम’ या खान्यातलं दाखवतो. वाचनालयाची पाटी मराठीत असेल तर तिथे मराठी नाव चालेल. पोळीची पाटी महापालिकेची, गुजरातीत, तेव्हा गुजराती नाव खोडून तिथे मराठी घालू नका. त्यासाठी ‘नेम:एमआर’ असा वेगळा खाना आहे, ‘नेम:जीयू’ गुजरातीला. मराठी नाव मुख्य चित्रात दिसणार नाही, पण ऑस्मअँडसारख्या अ‍ॅपमध्ये नकाशाची भाषा मराठी केली की दिसतं. आम्हाला घरात ‘बडोदा’ म्हणायची सवय, त्यामुळे हे थोडं टोचतं. पण पाटी वाचून गल्लीत वळणाऱ्याला जे दिसतं तेच मुख्य नाव, असं मी धरते.

मुलीचा मोबाइल. ऑफलाइन अ‍ॅप प्रत्येक वेळी इंटरनेटवरून चित्र आणत नाहीत. गुजरातचा अख्खा डेटा एका दिवशी उतरवलेला असतो आणि पुढचा नकाशा उतरवेपर्यंत तोच. ऑस्मअँडचे नेहमीचे नकाशे महिन्याला एकदा नवे निघतात. तुम्ही बदल केला महिन्याच्या मध्यात, तर पुढच्या नकाशाची वाट बघा, मग तिला अपडेट दाबायला सांगा. नुसतं अ‍ॅप अपडेट करून चालत नाही, नकाशाची फाइल वेगळी अपडेट करावी लागते. तीच ती खिशातली घडी. घडी बदलल्यावरही नदीचं नाव तुटकच राहिलं, तर वर सांगितला तो अ‍ॅपचा आजार.

एक छोटी गोष्ट, कारण तुम्ही पुढे केव्हातरी यात अडकणार. आयडीमध्ये काम करताना सगळ्या इमारतींचा रंग अचानक गेला आणि नुसत्या रेषा उरल्या, तर काही पुसलं गेलेलं नाही. नाव टंकताना कर्सर खान्यात नव्हता आणि ‘डब्ल्यू’ हे अक्षर दाबलं गेलं, एवढंच. पुन्हा दाबा. आणि एडिटर रस्तेच दाखवेना असं झालं तर बरेच जवळ जा. लांबून तो डेटा आणतच नाही.

म्हणजे आज तुम्ही करायचं ते इतकंच: जुन्या तळ्याचं कडं जोडा, नवं पुसा, वाचनालयाचा बिंदू खऱ्या जागी न्या. पोळीला हात लावू नका. संध्याकाळी खाजगी खिडकीत झूम 19 ला बघा.

आणि वाचनालयाची वेळ टाकायची राहिलीय. दारावर हाताने लिहिलेला कागद असतो ना, त्यावर सुट्टीचा वारही असेल. तो तेवढा वाचून घाला, म्हणजे रिक्षा करून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कुलूप बघून परत जावं लागणार नाही.